फिटच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर: पहिली रात्र आणि पुढचे तीन दिवस

रानजाई

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी आयसीयू सांभाळते. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या पावसाळ्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले.

रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीतून फोन आला. कॉलेजात जाणारी मुलगी, लहानपणापासून फिट येते, कार्बामॅझेपिन चालू. घरात बोलाचाली झाली आणि तिने आदल्या संध्याकाळी डब्यातल्या गोळ्या घेतल्या. घरच्यांनी तेव्हाच तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे सलाईन लावलं. पहाटे ती जागी झाली, पाणी मागितलं, आईला हाक मारली. आता धोका टळला असं सांगून सकाळी घरी पाठवलं. दुपारी ती न जेवताच झोपली. रात्री उठवायला गेले तर उठेना. आमच्याकडे आली तेव्हा घसा घुरघुरत होता, बाहुल्या मोठ्या झालेल्या, नाडी धावत होती, आणि स्ट्रेचरवरून खाली घ्यायच्या आत फिट आली.

फिट थांबवणारं औषध जास्त झालं की त्यानेच फिट येते, हे घरच्यांना पटत नाही. पण कार्बामॅझेपिनच्या बाबतीत ते खरं आहे. आणि त्याहून फसवं म्हणजे त्याची चाल. हे औषध आतड्याची हालचाल मंदावतं. गोळ्या पोटात एकमेकींना चिकटून गोळा होतो, तो सावकाश विरघळत राहतो. माणूस मध्येच शुद्धीवर येतो, बोलतो, आणि आतडं पुन्हा चालू लागलं की उरलेलं औषध रक्तात येतं. मग तो परत बेशुद्ध. हळूहळू विरघळणारी गोळी असेल, म्हणजे पाकिटावर सीआर, एसआर किंवा क्रोनो लिहिलेलं असेल, तर हे आणखी उशिरा होतं.

म्हणून मला सांगायचं आहे ते हेच: जागा झाला म्हणजे सुटला असं धरू नका. रक्तातली पातळी दोनदा तपासून दोन्ही वेळा उतरतेय असं दिसेपर्यंत, आणि पातळी तपासायची सोय नसेल तर निदान पूर्ण चोवीस तास, सीआर गोळी असेल तर त्याहून जास्त, रुग्णाला नजरेआड होऊ देऊ नका. घरच्यांनीही डिस्चार्जची घाई करू नये आणि आम्ही डॉक्टरांनीही.

त्या रात्री काय केलं ते सांगते, म्हणजे आत काय चालतं याची कल्पना येईल. सगळ्यात आधी श्वास. गुंगीतल्या माणसाच्या पोटातलं फुप्फुसात जाऊ नये म्हणून घशात नळी टाकली, व्हेंटिलेटरवर घेतलं. फिटसाठी लोराझेपाम दिलं. फेनिटॉइन हे फिटचं दुसरं औषध मुद्दाम दिलं नाही, कारण तेही हृदयाच्या आणि मेंदूच्या त्याच सोडियमच्या वाटा अडवतं ज्या आधीच अडलेल्या असतात. ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या ठोक्याची मुख्य लाट, रुंदावलेला दिसला, म्हणून सोडाबायकार्बची इंजेक्शनं. मग नळीवाटे औषधी कोळसा, आणि तो एकदाच देऊन भागत नाही, दर काही तासांनी पुन्हा. आतड्यात उतरलेलं औषध तो धरून ठेवतोच, शिवाय रक्तातून आतड्यात झिरपणारंही ओढून घेतो. आतडं अगदीच थंड पडलं असेल तर मात्र कोळसा थांबवावा लागतो, म्हणून पोटाला स्टेथो लावून आवाज ऐकत राहायचं. एवढं करून फिट थांबेनात तेव्हा पहाटे डायलिसिस. तिसऱ्या दिवशी नळी निघाली.

प्रश्न विचारा, अनुभव लिहा. कुठल्या गोळीचे किती खाल्ले तर काय होतं, हे मात्र मी इथे लिहिणार नाही आणि कुणी लिहू नये ही हात जोडून विनंती.

ओवीची आई

डॉक्टर, वाचताना अंगावर काटा आला. माझी लेक सात वर्षांची, फिटसाठी व्हॅल्प्रोएटचं सिरप चालू आहे. मागच्या महिन्यात मी सकाळी डोस देऊन ऑफिसला गेले आणि मी दिला नसेल असं समजून सासूबाईंनी पुन्हा दिला. संध्याकाळपर्यंत ती पेंगत होती. मी घाबरून मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. बरोबर केलं का?

रानजाई

ओवीची आई, तुमचा जीव किती टांगणीला लागला असेल ते समजतं, पण मिठाचं पाणी पुन्हा कधीही पाजू नका. पेंगणारं मूल उलटी करताना ती श्वासात ओढतं आणि मूळ औषधापेक्षा न्यूमोनिया जास्त भोवतो. मुलांच्या रक्तातलं मीठ वाढलं तर त्यानेही झटके येतात. ताक, लिंबू, अंड्याचं पांढरं, चुलीतला कोळसा, यातलं काहीही नको. आमचा कोळसा वेगळा असतो, बारीक, खास तयार केलेला, आणि तोही मूल नीट जागं असेल तरच.

करायचं काय? बाटली हातात घ्या, शेवटचा डोस किती वाजता, किती मिली, मुलीचं वजन किती, हे कागदावर लिहा आणि तुमच्या डॉक्टरांना फोन लावा. ते मिळाले नाहीत तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, फोन फुकट आहे आणि रात्रीही उचलतात. एक डोस चुकून दुप्पट झाला तर बहुतेक वेळा थोड्या गुंगीवर निभावतं, पण ते ठरवणं तुमच्या अंदाजावर सोडू नका. उठवून उठत नसेल, श्वास संथ वाटत असेल, उलट्या होत असतील तर डाव्या कुशीवर झोपवा आणि १०८ बोलवा.

आणि सासूबाईंना दोष देऊ नका. फ्रिजवर कॅलेंडर लावा, डोस दिला की त्यावर खूण. आमच्या वॉर्डात सिस्टर हेच करतात.

नाडीपरीक्षा

मी किडनीच्या विकारांचा डॉक्टर. व्हॅल्प्रोएटचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, कारण यात डायलिसिस उशिरा बोलावलं जातं हे दुःख मी बरेच वेळा पाहिलंय.

नेहमीच्या उपचारात व्हॅल्प्रोएटची पातळी एका मिलिलिटरमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅम ठेवतात. त्या वेळी सुमारे ९० टक्के औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, आणि चिकटलेलं औषध डायलिसिसच्या जाळीतून जात नाही. त्यामुळे जुन्या शिकवणीत 'याला डायलिसिसचा उपयोग नाही' असं डोक्यात बसलेलं. पण पातळी खूप चढली की अल्ब्युमिनवरच्या जागा भरतात आणि सुटं औषध रक्तात फिरायला लागतं. तेच मेंदूत जातं, आणि तेच डायलिसिसने निघतंही. म्हणजे विषबाधा जितकी मोठी तितकं डायलिसिस कामाचं.

विषबाधेत डायलिसिस कधी करावं यावर एक्सट्रिप नावाचा आंतरराष्ट्रीय गट शिफारशी काढतो. व्हॅल्प्रोएटवरची त्यांची शिफारस २०१५ ची आहे. पातळी १३०० च्या वर, मेंदूला सूज किंवा शॉक (रक्तदाब कोसळणं) असेल तर डायलिसिस कराच असं ते म्हणतात. ९०० च्या वर, व्हेंटिलेटर लागेल अशी बेशुद्धी, रक्तातला अमोनिया (मेंदूला गुंगी आणणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेला किंवा रक्त आंबट होऊन त्याचा पीएच ७.१० किंवा त्याखाली घसरलेला असेल तरी करावं असा सल्ला आहे. तालुक्याला ही पातळी मोजायची सोय बहुधा नसते. म्हणून आकड्याची वाट बघत बसू नका, रुग्णाकडे बघा आणि डायलिसिस आहे तिथे वेळेत हलवा. डायलिसिसनंतर पातळी पुन्हा थोडी वर येते, त्यामुळे एकदा करून मोकळं होता येत नाही.

रानजाई

नाडीपरीक्षा, फार मोलाचं लिहिलंत. अमोनियाबद्दल एक जोडते. व्हॅल्प्रोएट घेणारा रुग्ण गुंगीत असेल आणि लिव्हरचे रिपोर्ट अगदी ठीक असतील, तरी अमोनिया तपासावा. नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचवायचा, टेबलावर अर्धा तास पडला तर आकडा खोटा चढतो. हे औषध शरीरातलं कार्निटिन, म्हणजे पेशींना चरबी जाळायला लागणारा घटक, संपवतं, पेशींची भट्टी मंदावते आणि अमोनियाचा निचरा होत नाही. म्हणून एल-कार्निटिन शिरेतून देतात, सुरुवातीला किलोमागे १०० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६ ग्रॅम, मग दर चार तासांनी किलोमागे १५. त्याला उतारा म्हणता येणार नाही, पण ते सुरक्षित आहे आणि अमोनिया वाढलेला असेल तर मी थांबत नाही. आमच्याकडे एकदा रात्री दोनला चार मेडिकल फिरून मिळालं. ज्यांच्या हातात खरेदी आहे त्यांनी आयसीयूच्या कपाटात थोडं ठेवाच.

कृष्णाकाठ

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. तो मुद्दाम काही करायला गेला नव्हता.

वडिलांना टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून घरातल्या सगळ्यांना सहा महिने खायला प्रतिबंधाची एकच गोळी दिली, आयसोनियाझिड. भाऊ दहा वर्षं फेनिटॉइन घेतोय, फिट बंद. हे त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तीनेक आठवड्यांत त्याचा तोल जायला लागला. जीभ जड. कारखान्यात सुपरवायझरने पिऊन आलास म्हणून गेटवरून परत पाठवलं. तो माळकरी माणूस, आयुष्यात थेंबाला शिवला नाही. आईसुद्धा त्याचं तोंड हुंगून बघायची. तो नुसता रडायचा, बोलता नीट येत नव्हतं.

जिन्यावरून पडला तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला बोटाकडे बघायला सांगितलं, बोट बाजूला नेलं, आणि डोळे थरथरताना पाहून लगेच विचारलं, 'फिटची गोळी चालू आहे का? आणखी नवीन काय चालू झालं?' लेव्हल ४० च्या वर निघाली. १० ते २० पाहिजे होती. फिटची गोळी तेवढी थांबवली, पलंगाला कठडे लावले, एकट्याला बाथरूमला जाऊ दिलं नाही. आठवड्याने तो सरळ चालला. त्याला कुठला उताराही द्यावा लागला नाही.

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही याची खंत आहे.

औषधी_सातारा

कृष्णाकाठ दादा, तुमच्या भावाची गोष्ट मी आमच्या दुकानातल्या पोरांना वाचून दाखवली. मी फार्मासिस्ट, २२ वर्षं काउंटरवर.

फेनिटॉइनचं गणित इतरांसारखं नाही. टोलनाक्यावर ठरावीकच खिडक्या उघड्या असतात. गाड्या कमी आहेत तोवर रांग दिसत नाही, पण खिडक्या भरल्या की पुढे चार गाड्या वाढल्या तरी रांग किलोमीटरभर. लिव्हर हे औषध असंच बाहेर काढतं. त्यामुळे डोस जरासा वाढला, किंवा आयसोनियाझिडसारख्या औषधाने एक खिडकी बंद केली, की पातळी एकदम चढते. फ्लुकोनाझोल, म्हणजे बुरशीसाठी सर्रास मागतात ती गोळी, तीही हेच करते.

ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास ब्रिस्बेनला फेनिटॉइन घेणारे कितीतरी रुग्ण अचानक असेच झुलायला लागले. डोस तोच, गोळ्या तेवढ्याच. शेवटी लक्षात आलं की कॅप्सूलमध्ये भर म्हणून आधी कॅल्शियम सल्फेट असायचं, ते बदलून लॅक्टोज घातलं होतं. लॅक्टोजमुळे औषध जास्त शोषलं गेलं. एवढ्याशा बदलाने! म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, फिटची गोळी ज्या कंपनीची चालू आहे तीच घ्या, बदलायची तर डॉक्टरांना विचारून.

पातळ औषधाचं एक. फेनिटॉइनचं सस्पेन्शन तळाशी बसतं. न हलवता दिलं तर वरचे पंधरा दिवस डोस कमी जातो, फिट येतात, डॉक्टर डोस वाढवतात, आणि मग तळातलं घट्ट औषध वाढीव डोसाने पोटात. बाटली दर वेळी खळखळून हलवा. मापाला घरचा चमचा नको, सिरिंज वापरा.

कोपनहेगनकर

मूळची मिरजेची, इथे चौदा वर्षं नर्स आहे. या विषयाशी या शहराचं जुनं नातं आहे म्हणून लिहिते.

फिनोबार्बिटोन, म्हणजे आपल्याकडची गार्डिनल, १९१२ पासून फिटसाठी वापरात आहे. त्या काळी या जातीच्या गोळ्या झोपेसाठीही सर्रास दिल्या जायच्या आणि त्यांनी झालेल्या विषबाधेचे रुग्ण भरपूर. उपचार काय, तर बेशुद्ध माणसाला उत्तेजक औषधं टोचून जागं करायचा प्रयत्न. त्यात फिट यायच्या, हृदय बिघडायचं. पाचातला एक दगावायचा. १९४९ मध्ये इथल्या बिस्पेबिएर्ग रुग्णालयात कार्ल क्लेमेसेन या मनोविकारतज्ज्ञांनी अशा सगळ्या रुग्णांसाठी एकच वॉर्ड उघडला, भूलतज्ज्ञ एरिक निल्सन त्यांच्या जोडीला. त्यांनी उत्तेजकं बंद केली. श्वासाची वाट मोकळी ठेवायची, ऑक्सिजन, रक्तदाब सांभाळायचा, दर थोड्या वेळाने कूस बदलायची, कफ काढायचा आणि औषध शरीरातून आपोआप जाईपर्यंत थांबायचं. मृत्यू शंभरात एक-दोनवर आले. उतारा सापडला नव्हता, पण नर्सिंग होतं. याच शहरात १९५२ च्या पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने फुगा दाबून मुलांना श्वास दिला, त्यातून पुढे आयसीयू आलं.

आज कोळसा आहे, डायलिसिस आहे. तरी रात्रपाळीला अशा रुग्णाची कूस बदलताना मला तो वॉर्ड आठवतो.

नातेवाइकांसाठी एक सांगते. गार्डिनलच्या खोल बेशुद्धीत अंग थंड पडतं, बाहुल्या हलत नाहीत, ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची, रेषासुद्धा सपाट दिसू शकते. तरी तो माणूस पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. म्हणून औषधाचा अंमल आहे तोवर मेंदूमृत्यूचं निदान करायचं नसतं. कुणी आशा सोडा म्हणालं तर विचारा, औषधाची पातळी किती आहे?

मुक्ता_२१

माझ्या मैत्रिणीने अशाच गोळ्या घेतल्या तेव्हा तिच्या घरच्यांनी चार तास घालवले, कारण पोलीस केस होईल म्हणून मोठ्या हॉस्पिटलात न्यायला घाबरले. एका ठिकाणी तर 'आधी पोलिसांचा कागद आणा' म्हणाले. ती वाचली, पण आठवडाभर व्हेंटिलेटरवर होती. कायदा खरंच काय आहे?

सनद

मुक्ता, वकील म्हणून सांगतो. कागद आधी मागणं चूकच. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलं आहे की आधी जीव वाचवायचा, सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्यांना लागू आहे. हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, नोंदवून पोलिसांना कळवतं, जबाब होतो, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम तसं घेतलेलंच नाही. तेव्हा त्या भीतीपायी एक मिनिटही घालवू नका. डॉक्टरांपासून खरं लपवू तर अजिबात नका.

रानजाई

सनद, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. 'चुकून घेतल्या', 'दोनच होत्या' असं सांगितलं की आमचे उपचार दोनच गोळ्यांचे होतात. त्या मुलीच्या आईने सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा पदरात बांधून आणल्या होत्या, त्यांत वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचीही एक होती. ती नसती दिसली तर रक्तदाब का पडतोय हे शोधण्यात तास गेला असता. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, कचऱ्याच्या डब्यातलीसुद्धा.

घरात कुणी फिटसाठी क्लोबाझाम ही गोळी घेत असेल तर एक माहीत असू द्या. त्या जातीच्या औषधांवर फ्लुमाझेनिल नावाचं उलट औषध असतं, आणि नातेवाईक गूगल करून 'ते का देत नाही?' विचारतात. ज्याला फिट येते त्याला ते दिलं तर न थांबणाऱ्या फिट लागू शकतात. म्हणून आम्ही ते टाळतो आणि श्वास सांभाळतो.

मनातलं_बोल

समुपदेशक आहे. फिट येणाऱ्या माणसांत नैराश्य खूप आढळतं, आणि जीव द्यावासा वाटला तर औषध हाताशीच असतं. लग्न ठरताना लपवलेला आजार, नोकरीवर कळलं तर काय ही भीती, गाडी चालवायची बंदी, हे सगळं साठत जातं. तुमच्या माणसाला थेट विचारा, 'जगू नये असं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानसचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. कठीण काळ असेल तेव्हा गोळ्या आठवड्यापुरत्याच हाताशी ठेवा, बाकी कुलपात किंवा शेजारच्या काकूंकडे. आणि आयसीयूतून बाहेर आल्यावर पहिला प्रश्न 'असं का केलंस?' नको. शेजारी बसा.

ओवीची आई

रानजाई ताई, कॅलेंडर लावलं. सासूबाईंनीच पेन दोरीने बांधून ठेवलं आहे. आणखी एक विचारू? इतकं सगळं झाल्यावर त्या मुलीची फिटची गोळी पुन्हा चालू केली का? बंद ठेवली तर फिट नाही येणार?

रानजाई

येईल ना, म्हणूनच ती कायमची बंद करत नाही. पातळी खूप वर असेपर्यंत पुढचा डोस द्यायचा नाही, कारण शरीरात भरपूर आहे. पण डायलिसिसने ती झपाट्याने उतरते आणि एका टप्प्यावर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. ती वेळ चुकवायची नसते. आम्ही रोज पातळी पाठवत होतो, ती नेहमीच्या मर्यादेत, १२ च्या खाली, आल्यावर न्यूरॉलॉजिस्टशी बोलून चौथ्या दिवशी अर्ध्या डोसावर सुरुवात केली. पुढे त्यांनी गोळी बदलून लेव्हेटिरासेटाम दिली, आणि त्या गोळीने मूड बिघडू शकतो, चिडचिड वाढू शकते म्हणून पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं असं ठरलं. गोळ्या आठवड्याच्या डब्यात आई भरते. डबा आईच्या कपाटात असतो, आणि हे मुलीनेच सुचवलं.